खिंडीतली खोळ

२ एप्रिल १९९८, गुरुवार

आज डोंगरावर आले. केदारखेड्याहून जीपनं भोकरदन, तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पीठ-मिठाच्या पोत्यांवर बसून डोंगराच्या पायथ्यापर्यंत, आणि पुढं आपल्या पायांनी. सर्जेराव म्हणाला, माय, दमशील, गड्यांच्या खांद्यावरून नेऊ का? मी म्हटलं, चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जाणार, त्याची तू घाई करू नको. गडी खदाखदा हसले. बरे वाटले गडी. सर्जेराव धरून सहाच आहेत, पण हातापायानं धड आहेत.

सर्जेराव माझा एकुलता. हे काम त्यानं उक्तं घेतलं, मुकादमही तोच. सून उषाबाई बाळंतपणाला बदनापूरला माहेरी गेली, म्हणून भाकरी थापायला मला आणलं. नात बेबीनंदा शेजारणीकडं ठेवली. तिनं ही वही दिली आणि दम भरला, आजी, रोज लिही, न्हाईतर साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं सगळं विसरशील. सहावी पास पोरगी मला दम देते.

काम असं आहे. या डोंगरांच्या माथ्यामाथ्यानं एक पायवाट आहे, चार दिवस चालली तरी सरत न्हाई. शहरातल्या एका भटकंती मंडळानं ती आखली. लोक बूट घालून, पाठीवर बोचकं बांधून येतात आणि चालतात. वाटेच्या टोकाला देव न्हाई, बाजार न्हाई, सोयरेधायरे न्हाईत. चालायचं आणि घरी जायचं. फाल्गुनात वणवा लागला आणि निम्मी वाट जळाली. झाडं आडवी पडली, दगड सुटले, दगडांवरच्या तांबड्या खुणा धुरानं काळ्या झाल्या. ते सगळं नीट करून आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वाट परत खुली करायची. मंडळाचे कारभारी काकासाहेब सकाळी पायथ्याशी भेटले. माणूस गोड आहे. बुटाचे बंद बांधताना कण्हत होते.

राहायला चौकी आहे. दगडी भिंती, वर पत्रे, शेजारी पाण्याचं कुंड. आभाळ मोठं, वारा मोकळा. सून न्हाई, जाऊ न्हाई, चूल माझी एकटीची. जागा पसंत पडली.

५ एप्रिल, रविवार

सगळीकडं राख. भाकरीत राख, पाण्यात राख, नाक शिंकरलं तर काळं येतं. गडी दिवसभर कुऱ्हाडीनं नि करवतीनं आडवी झाडं कापतात, पहारीनं दगड बसवतात. पावसाचं पाणी वाटेवरून धावू नये म्हणून मधेमधे दगडाची तिरकी ओळ रोवतात. काम नेटकं आहे.

गड्यांत पुंजाराम सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात तोंडाळ. तो म्हणतो, आजी, शहरात जमीन सपाट असती, म्हणून ह्या लोकांना चढाची हौस. आपल्याला जन्मापासून चढच हाय. मी म्हटलं, तुझ्या जिभेला तेवढा उतार आहे. त्यावर गप बसला, पण दोनच घास.

आज एका ओंडक्याखाली साळिंदर निघालं. वरून भाजलेलं, आतून कच्चं, पोट फुटून वळवळ चाललेली. शिवाजी नावाचा गडी ते काठीनं ढोसत बसला. त्याच हातानं जेवायला आला. मी भाकरी उचलून घेतली आणि आधी कुंडावर धाडला. घाणेरडेपणा मला खपत न्हाई. गरिबी खपते.

८ एप्रिल, बुधवार

दुपारची भाकर घेऊन आज खिंडीत गेले. तिथं वाटेवर म्हसोबा आहे. म्हणजे होता. लोक पिढ्यानपिढ्या येता-जाता तेल-शेंदूर थापत आले, थरावर थर चढून मांडीइतकं जाड कवच झालं होतं. वणव्याच्या धगीनं ते वितळलं. शेंदराचा लोंढा वाटेवर उतरून जिभेसारखा पसरला आणि तसाच थिजला. त्यात माशा, केसांचे पुंजके, नारळाच्या शेंड्या, कोंबडीचं एक पाऊल. जुन्या तेलाचा खवट वास असा की मी पदर नाकाला लावला.

उरलेली खोळ मधोमध चिरली होती. गडी म्हणाले, आतला दगड तडकला असंल. मी वाकून पाहिलं. आत दगडच न्हाई. तडकलेला न्हाई, फुटलेला न्हाई, न्हाईच. आतून खोळ घागरीसारखी गुळगुळीत, आणि उकिडव्या बसलेल्या माणसाच्या आकाराची. गुडघे कळत होते. नाक, हनुवटी उलटी उठलेली. गालाच्या जागी बारीक बारीक भोकं, कातडीला असतात तशी. मी थुंकले.

आमच्याकडं मारुतीनं खोळ टाकली की वाजतगाजत पूर्णेत सोडतात. मी सर्जेरावाला तसं म्हटलं. तो म्हणाला, माय, इथं नदी कुठाय? मंडळानं धाडलेला रंग चार दगडांत संपला. हा एवढा शेंदूर वाया जाऊन राह्यला, तापवून खुणांना लावू. मी म्हटलं, देवाचं उष्टं आहे ते. तर म्हणतो, देव आधीच निघून गेला, रंग ठेवून गेला, त्याचे उपकार. सगळे हसले. पुंजारामानं पहार घातली आणि खोळीचे तुकडे केले. घमेल्यात तापवायला माझं गोडं तेल नेलं ते वेगळंच.

१० एप्रिल, शुक्रवार

शेंदूर दाट झाला, ब्रशाचे केस उपटून निघतात. म्हणून चौघं जण हातानंच थापत चाललेत, सर्जेराव सगळ्यांपुढं. प्रत्येक खुणेच्या दगडावर पंजाएवढा डाग. खुणा झकास उठल्या, कोसभरावरून दिसतात. उरलेले दोघं फक्त दगड वाहतात. त्यातला एक शिवाजी.

हाताचा शेंदूर मात्र निघत न्हाई. राख दिली, सोडा दिला, घासलेट दिलं, शेवटी नारळाची शेंडी दिली. कातडी लाल झाली, शेंदूर जागचा हलला न्हाई. आज परातीतल्या भाकरीवर नारिंगी बोटं उमटली होती. ती भाकर मी कुत्र्यासाठी बाहेर टाकली. कुत्र्यानं हुंगली आणि पाय मागं घेतले.

११ एप्रिल, हनुमान जयंती

खालच्या वस्तीवरची केशरबाई दूध घालते. दुधात पाणी, पाण्यात बढाई. आज खिंडीतून आली ती तोंड पांढरंफटक करून. खोळ कुठाय, विचारलं. मी खुणांकडं बोट दाखवलं. बाईनं दोन्ही हात पदरात लपवले.

तिच्या सासूनं तिला सांगितलेलं असं, की खिंडीत दगड कधी नव्हताच. एक वाटसरू दम खायला बसला आणि उठलाच न्हाई. मेंढपाळांनी देव समजून शेंदूर लावला. पुढं तो सरला, खोळ उरली. खोळीला चीर गेली की त्याच दिवशी बाभळीच्या काठीनं ढकलून जागच्या जागी पुरायची, आत एक धोंडा घालून. हात लावायचा न्हाई आणि रिकामी ठेवायची न्हाई. रिकामी ठेवली की ती आत बसवायला माणूस शोधते.

मी म्हटलं, आधी दुधातलं पाणी शोध. ती चिडली न्हाई. नेहमी भाकर मागून नेते, आज दिली तर घेतली न्हाई. ते मला जास्त लागलं.

१५ एप्रिल, बुधवार

पुंजारामाचा तळहात टाचेसारखा जाड झालाय. नारिंगी, भेगाळलेला, आणि भेगांतून तेल येतं. बाभळीचा काटा टोचून पाहिला, त्याला कळलंसुद्धा न्हाई. तो म्हणतो, आजी, चांगलं हाय, आता फोड यायचे न्हाईत. हसताना त्याच्या तोंडालाही तोच वास.

चौघं भाकर खाईनात. तेल मागतात. आज दुपारी सर्जेरावाला माझ्या तेलाच्या डब्यात बोटं बुडवून चाटताना पाहिलं. तीस वर्षांचा बाप्या! मी पाठीत चुलीवरचा चिमटा हाणला. त्यानं वळून पाहिलं, ओशाळला न्हाई, परत बोटं घातली.

कुंडाजवळच्या दगडावरची खूण आज बोटभर जाड आहे. एकदाच थापली होती. मी काडीनं दाबली. हिरडीसारखी मऊ, कोमट. आणि तिच्यावर दाढीसारखे खुंट आलेत.

काडी चुलीत टाकली. चुलीत तडतडली. मग मी भडाभडा ओकले.

१८ एप्रिल, शनिवार

पुंजाराम रात्रीला परतला न्हाई. गडी म्हणाले, खुणेपाशी बसलाय, दम खाऊन येतो म्हणला. सकाळी मी गेले. उकिडवा बसलेला, दोन्ही गुडघे छातीशी. शेंदूर कोपरांच्या वर, गळ्यापर्यंत. त्यात माशा रुतलेल्या, काही अजून पाय हलवत होत्या. मी म्हटलं, ऊठ मेल्या, काकासाहेब मजुरी कापतील. तो म्हणाला, आजी, उठायला बसलोच न्हाई. आणि तेल मागितलं.

हाताला धरून ओढणार होते. केशरबाईचं आठवलं आणि पदर गुंडाळून ओढलं. पदर चिकटला. फाडून सोडवला.

दगड वाहणारे दोघं दुपारी पळाले. शिवाजी जाताना माझ्या पाया पडला. मी त्याला म्हटलं, पाया पडू नको, सर्ज्याला सोबत ने. तो म्हणाला, मुकादम येत न्हाई आजी, आन त्याला धरायचं कुठं?

२० एप्रिल

सर्जेराव दोन्ही हात गोणपाटात गुंडाळून हिंडत होता. मी सोडून बघितले. खांद्यापर्यंत आलंय. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी चल, तुझी बायको दिवस मोजून राह्यली. तो म्हणतो, माय, आखितीला वाट खुली झाली पायजे, शब्द दिलाय. चार खुणा राहिल्यात.

पळीनं खरवडलं. थिजलेल्या पिठल्यासारखं सोलपटून येतं. रक्त न्हाई. त्याला दुखलं न्हाई. खाली कातडी असेल म्हणून खरवडत राह्यले. खाली कातडी नव्हती. खाली शेंदूरच.

२२ एप्रिल

पुंजारामाकडं जाऊन आले.

तोंडावरून बंद झालाय. नाक, डोळे, सगळं एकसलग, चोपडं. कोणी मेंढपाळ येऊन गेला असावा. कपाळावर पत्र्याचे डोळे चिकटवलेत, पुढं नारळ फोडलाय. खोबऱ्यावर मुंग्या.

मी हाक मारली. मंग बाभळीच्या काठीनं हलकेच ठोकून पाहिलं.

रिकाम्या घागरीसारखा वाजला.

म्हणजे तोंड मिटलं की माणूस संपतो. एवढं मला कळलं. दुसरे दोघं कुठं बसलेत ते बघायला गेले न्हाई. कळतंय मला. माझ्यापुरतं काम एकच. सर्ज्याचं तोंड मिटू द्यायचं न्हाई.

२४ एप्रिल

तो आपल्या पायांनी खिंडीत जाऊन बसला. बराबर त्याच जागी. मी आडवी झाले, मला ओलांडून गेला.

चूल खिंडीत हलवली. दिवसभर पळीनं तोंडाभोवतीचं खरवडते. गळ्यापर्यंत साफ करते, तोवर हनुवटी भरून येते. केशरबाई पलीकडच्या टेकाडावरून ओरडली, की बाई, हात लावू नको, तुझं वय झालं, तू तरी वाच. मी ओरडले, पोरगा तुझा असता तर? ती रडत गेली. दुधाची चरवी दगडावर ठेवून गेली. आज पाणी नव्हतं घातलेलं.

माझ्या उजव्या हाताची नखं नारिंगी झालीत.

२६ एप्रिल

काकासाहेब वाट बघायला आले, सोबत दोघं बूटवाले. खुणांवर खूश. म्हणाले, वाटेवर ह्या बसलेल्या मूर्ती बसवल्यात ते फार छान, लोकांना आवडेल. पुंजारामाच्या खांद्यावर हात फिरवून आल्ते. रुमालानं बोटं पुसत होते. पुसतच होते.

मी सर्ज्यावरची घोंगडी ओढली. म्हटलं, बघा काय झालंय ते, ह्याला खाली न्या. त्याचे डोळे तेव्हा मिटलेले होते. काकासाहेब वाकून बघत राह्यले आणि म्हणाले, आजीबाई, कारागीर कोण? चेहरा हुबेहूब तुमच्या मुलाचा काढलाय.

मी म्हटलं, हाच माझा मुलगा. ते बूटवाल्यांकडं बघून हळू आवाजात म्हणाले की उन्हानं होतं असं. मला सावलीत बसवलं. पाणी पाजलं. पाठ थोपटली.

आखितीला खूप लोक येणार. इथली प्रथा म्हणून प्रत्येकाला वाटीत तेल देणार, प्रत्येक खुणेला हातानं लावायला. ही अक्कल काकासाहेबांना पुंजारामापुढचा नारळ बघून सुचली म्हणे. मी पळी घेऊन धावले. बूटवाल्यांनी मला धरलं, अगदी अलगद धरलं. सर्ज्या एक शब्द बोलला न्हाई. ते उतरून गेल्यावर बोलला. म्हणाला, माय, गोड माणसं हायेत. तेल आणतील.

२७ एप्रिल

डावा डोळा गेला. मी क्षणभर चूल पेटवायला वळले आणि —

तो डोळा खरवडून काढला. खाली डोळा नव्हता.

वास आता मला येत न्हाई. हे मला आवडलं न्हाई. ज्या दिवशी घाणीचा वास येईना त्या दिवशी —

२८ एप्रिल

दोन्ही डोळे गेले. नाक गेलं. तोंड उघडं आहे.

त्याला म्हटलं, सर्ज्या, बोलत राहा. तो बोलत राह्यला. लहानपणीचं न्हाई, उषाचं न्हाई, बेबीचं न्हाई. नुसतं बस माय, बस माय, दमलीस, बस. मी उभी आहे. मी बसणार न्हाई. उभ्यानं लिहिते. झोप लागू नये म्हणून लिहिते.

पाय जड झालेत. खाली बघत न्हाई.

संध्याकाळी खिंडीत तेल ठिबकल्याचा आवाज. पाऊस न्हाई. वारा न्हाई. सगळ्या खुणांवरून —

२९ एप्रिल, आखिती

पहाटेपासून पळी तोंडात आडवी घालून ठेवली होती. शेंदरानं पळी गिळली. आता डाव्या हाताचं बोट घातलंय. दात लागले. म्हटलं, चाव मेल्या, पण मिटू नको.

घाटातून माणसं येऊन राह्यली. हसणं ऐकू येतं. बायका आहेत, लेकरं आहेत. वाट्या वाजतात. मी ओरडले, लावू नका, हात लावू नका — खालून कोणी तरी जोरात जय म्हणालं. सगळे जय म्हणाले.

सर्ज्या, बोल.

दात लागत न्हाईत आता. जीभ लागत न्हाई. आत नुसतं गार, गुळगुळीत. बोट पुढं घातलं तरी घसा लागत न्हाई, सगळं मोकळं, लांबपर्यंत मोकळं —

तो न्हाई. तो आत न्हाई. मंग माझं बोट कोण चोखून राह्य